नव्या संचातलं 'मेरिली वी रोल अलाँग' : रेकॉर्डिंग ऐकलंत का?

तिसरी_घंटा | १८ नोव्हेंबर २०२३

न्यूयॉर्कच्या हडसन थिएटरमध्ये सध्या चालू असलेल्या 'मेरिली वी रोल अलाँग'चं रेकॉर्डिंग बुधवारी ऑनलाइन आलं. सीडी जानेवारीत येणार आहे, ज्यांच्या घरी अजून ती वाजवायला काही शिल्लक आहे त्यांच्यासाठी. तेव्हापासून आमच्याकडे दुसरं काही लागलेलं नाही आणि घरचे वैतागलेत.

नाटक माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात : संगीत आणि गीतं स्टीफन सॉन्डहाइमची, संहिता जॉर्ज फर्थची, आधार कॉफमन आणि हार्ट यांच्या १९३४ च्या गद्य नाटकाचा. तीन जिवलग मित्र. फ्रँक संगीतकार, चार्ली गीतं-नाटकं लिहिणारा, मेरी लेखिका. गोष्ट उलटी चालते. १९७६ मध्ये फ्रँक हॉलिवूडचा गब्बर निर्माता आहे, चार्लीशी बोलणं बंद आहे, मेरी दारूत बुडालेली आहे. तिथून वर्षं मागे मागे जातात आणि १९५७ मध्ये एका इमारतीच्या गच्चीवर नाटक संपतं. तिथे सगळं अजून व्हायचंय. १९८१ ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, आलं तेव्हा सोळा प्रयोगांत गाशा गुंडाळला. आता मारिया फ्रीडमनच्या दिग्दर्शनात जोनाथन ग्रॉफ (फ्रँक), डॅनियल रॅडक्लिफ (चार्ली) आणि लिंडसे मेंडेझ (मेरी) आहेत आणि तिकीट मिळता मिळत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं. नवं रेकॉर्डिंग सुरेख आहे, पण १९८१ च्या रेकॉर्डचा पहिला नंबर अजून गेलेला नाही. त्या पोरांच्या आवाजात एक धडपड आहे, ती इथे नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि ज्याने नाटक पाहिलेलंच नाही त्याने नुसतं ऐकायचं तर कुठून सुरुवात करावी?

झब्बू | १८ नोव्हेंबर २०२३

रॅडक्लिफ म्हणजे हॅरी पॉटर ना? तो गातो?

तिसरी_घंटा | १८ नोव्हेंबर २०२३

गातो. आणि कुणीही त्याला हॅरी पॉटर म्हटलं की मी एक कप चहा जास्त पिते. आज पाचवा होईल.

हडसन_पलीकडचा | १९ नोव्हेंबर २०२३

मी जर्सी सिटीत राहतो, नाटक पाहिलंय, त्यामुळे माझं मत इतरांपेक्षा मौल्यवान आहे. :)

तिसरी_घंटा, तुमचं १९८१ प्रेम समजू शकतो, पण त्या प्रयोगाचं दुखणं नेमकं तेच होतं. दिग्दर्शक हॅल प्रिन्सने सगळ्या भूमिका विशीच्या आतबाहेरच्या मुलांना दिल्या. म्हणजे नाटक सुरू होतं तेव्हा कोवळी पोरं घटस्फोट, विश्वासघात आणि व्यसन याबद्दल गातायत. कोण कोण आहे हे प्रेक्षकांना कळेना म्हणून शेवटी पात्रांच्या स्वेटशर्टवर ओळख छापली होती! लोक मध्येच उठून जात. पूर्वप्रयोग चालू असताना मुख्य नट बदलला, नृत्यदिग्दर्शक बदलला. ही सगळी पडझड 'त्या पोरांची धडपड' म्हणून गोड वाटते कारण आपण ती चाळीस वर्षांनी, घरी बसून, कानाने ऐकतो.

ग्रॉफ पहिल्या प्रवेशात बोलतो तेव्हा त्याने काय काय विकून खाल्लंय ते आवाजातच कळतं. वीस वर्षांच्या मुलाकडून ते येणार कुठून?

पेटीवाले_आजोबा | १९ नोव्हेंबर २०२३

हडसन_पलीकडचा, मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच. सुरुवात वयस्क आवाजाची आहे हे मान्य. शेवट कुणाच्या आवाजाचा? गच्चीवर उभं राहून आकाशात स्पुतनिक शोधणारी मुलं विशीतली आहेत. तिथे १९८१ च्या जिम वॉल्टन, लॉनी प्राइस, अ‍ॅन मॉरिसन यांना अभिनय करावाच लागत नाही. प्रयोग बंद पडला आणि दुसऱ्या दिवशी ही मुलं स्टुडिओत जाऊन ते गाणं गायली. नाटक गेलं, नोकरी गेली, आणि समोर माइक. ती रेकॉर्ड निघाली नसती तर हे नाटक आज कुणालाही आठवलं नसतं, मग पुनरुज्जीवन कसलं करताय?

नवे तिघेही शेवट उत्तम करतात, पण तो 'करतात'. मला ऐकताना ते कळतं.

चौथा_अंक | १९ नोव्हेंबर २०२३

आजोबांना +१.

रताळ्याचा_कीस | १९ नोव्हेंबर २०२३

आजोबांना -१. तिशी-चाळिशीचे आवाज शेवटी तरुण होतात यातच तर गंमत आहे. फ्रीडमनच्या प्रयोगात सगळं फ्रँकच्या आठवणीतून घडतं, सुरुवातीला आणि शेवटी तो एकटा उभा असतो. म्हणजे गच्चीवरची मुलं ही त्या चाळिशीतल्या माणसाला आठवणारी मुलं आहेत. त्यांचा आवाज थोडा थकलेला असणारच.

आणि फ्रीडमन बाईंना हे नाटक आतून माहीत आहे. १९९२ मध्ये इंग्लंडात लेस्टरला याच नाटकात त्यांनी स्वतः मेरी केली होती, त्या प्रयोगाचंही रेकॉर्डिंग आहे. पुढे २०१२ ला लंडनच्या मेनिए चॉकलेट फॅक्टरी नावाच्या थिएटरात त्यांनी ते बसवलं, मग वेस्ट एंड (लंडनची मुख्य रंगभूमी), मग गेल्या वर्षी न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपच्या १९९ खुर्च्यांच्या नाट्यगृहात, आणि आता ब्रॉडवे. बाई दहा वर्षं एकच नाटक घासतायत.

पेटीवाले_आजोबा | १९ नोव्हेंबर २०२३

कीस, तुमचा युक्तिवाद प्रयोगाबद्दलचा आहे. एकटा उभा राहिलेला माणूस कानाला दिसत नाही.

झब्बू | १९ नोव्हेंबर २०२३

गाणी उलट्या क्रमाने लावली तर गोष्ट सुलटी ऐकू येईल का? म्हणजे गच्चीपासून सुरुवात, भांडणावर शेवट?

तिसरी_घंटा | १९ नोव्हेंबर २०२३

मी केलंय हे. करू नका. तीन मित्र होते, मोठे झाले, पैसा आला, भांडले. एवढंच उरतं. दर आठवड्याला अशी एक मालिका सुरू होते.

खमाजी | २० नोव्हेंबर २०२३

झब्बूंनी विनोद केला, पण प्रश्न चांगला आहे. उलटं लावल्यावर नुसती गोष्टच नाही, संगीतही पडतं. का ते सांगतो.

साधारण संगीतिकेत चाल आधी पूर्ण येते आणि नंतर तिचे तुकडे आठवण म्हणून परत येतात. इथे काळ मागे जातोय म्हणून सॉन्डहाइमने तुकडे आधी दिले आणि पूर्ण गाणं नंतर. 'नॉट अ डे गोज बाय' घ्या. पहिल्यांदा येतं घटस्फोटाच्या वेळी, कडवट. (१९८१ च्या रेकॉर्डवर ते फ्रँकच्या तोंडी आहे, सुधारित आवृत्तीत त्याच्या बायकोच्या, बेथच्या, आणि इथे केटी रोज क्लार्क ते दात आवळून गाते.) मग बऱ्याच वेळाने, म्हणजे गोष्टीत बऱ्याच वर्षांपूर्वी, तेच गाणं लग्नाच्या शपथेसारखं येतं. शब्द बहुतांशी तेच. तुम्ही हसत ऐकूच शकत नाही कारण त्याचं पुढे काय झालं ते कानात बसलेलं असतं.

आणि त्या लग्नात तिसरा आवाज मेरीचा. बाजूला उभी राहून ती फ्रँकसाठी गाते आणि त्याला पत्ता नाही. हेडफोन लावून ऐका. मेंडेझ तिथे आवाज जराही पुढे काढत नाही. नाटकात तुम्ही नवरा-नवरीकडे बघत बसता आणि ती निसटू शकते. रेकॉर्डिंगमध्ये निसटत नाही. या एका जागेसाठी मी नव्या रेकॉर्डिंगला मत देतो.

पेटीवाले_आजोबा | २० नोव्हेंबर २०२३

खमाजी, वा! आता याच्या जोडीला 'गुड थिंग गोइंग' ऐका. १९६२ च्या पार्टीत ते पूर्ण झालेलं, घासूनपुसून आलेलं गाणं आहे. मग 'ओपनिंग डोअर्स'मध्ये आपण आणखी मागे जातो आणि फ्रँक-चार्ली एका निर्मात्याला त्याच चालीचं कच्चं रूप ऐकवतात, वेगळ्या शब्दांत. निर्माता म्हणतो, गुणगुणता येईल असं काहीतरी आणा! श्रोत्याला माहीत असतं की हीच चाल पुढे सगळे गुणगुणणार आहेत. प्रत्यक्षातही झालं तसंच, नाटक पडलं त्याच वर्षी ते गाणं फ्रँक सिनात्राने रेकॉर्ड केलं.

सॉन्डहाइमवर जन्मभर हाच आरोप होता, चाली गुणगुणता येत नाहीत. 'ओपनिंग डोअर्स' हे आपलं एकमेव आत्मचरित्रात्मक गाणं असं ते स्वतः म्हणत. त्यांनी आरोपाचंच गाणं केलं.

संत्रा_बर्फी | २० नोव्हेंबर २०२३

मंडळी, नागपूरहून एक शंका. हे तुम्ही ज्याला रेकॉर्डिंग म्हणता त्यात मध्ये मध्ये संवाद कशाला घातलेत? गाणं रंगात येते न येते तोच कुणीतरी बोलून राहिलं. आमच्याकडे नाट्यपदाची तबकडी म्हणजे सरळ पद. नाटक कोणतं हे वेष्टनावर वाचायचं.

तिसरी_घंटा | २० नोव्हेंबर २०२३

बर्फीताई (की दादा?), ती इथली पद्धतच आहे. अख्ख्या संचाचं रेकॉर्डिंग. ज्या नटांनी भूमिका केली त्यांनीच, त्याच क्रमाने, समूहासकट गायचं. नाटक उतरलं तरी तेवढं मागे राहतं. आपल्याकडे पद नाटकातून सुटलं आणि मैफलीत जाऊन बसलं. दुसऱ्या कुणीही गावं, रात्रभर खुलवावं. माझ्या आजीला अर्ध्या पदांची नाटकं माहीत नव्हती, पण पदं सगळी पाठ.

संत्रा_बर्फी | २० नोव्हेंबर २०२३

दादा. आणि मग आमचीच पद्धत बरी नं! रॅडक्लिफची तान ऐकायला कोण बसणार?

हडसन_पलीकडचा | २० नोव्हेंबर २०२३

आला, आला, 'गाणारा नट की नटणारा गायक' हा शंभर वर्षांचा वाद आला. मी वाटच बघत होतो.

रताळ्याचा_कीस | २१ नोव्हेंबर २०२३

बर्फीदादा, तान नाही, पण 'फ्रँकलिन शेपर्ड, इन्क.' ऐकाच. टीव्हीवर मुलाखत चालू आहे, थेट प्रक्षेपण. चार्लीला विचारतात, तुम्ही दोघं मिळून काम कसं करता? आणि हा सुटतो. टाइपरायटर, टेलिफोन, सेक्रेटरी, सगळे आवाज तोंडाने काढत, एका दमात, मित्राच्या पैशाच्या हव्यासाचे वाभाडे. मैत्री तिथेच संपते. गायक म्हणून रॅडक्लिफ थोर नाही. पण शब्द एक गिळत नाही, आणि मध्ये एका क्षणी वेग उतरतो आणि कळतं की हा चिडलेला नाहीये, याला मित्र परत हवाय. याला मी गाणंच म्हणेन.

तसंही जलद गाण्याची त्याला जुनी खोड आहे. २०१० मध्ये ग्रॅहम नॉर्टनच्या कार्यक्रमात त्याने सगळ्या मूलद्रव्यांच्या नावांचं गाणं धडाधड म्हणून दाखवलं होतं.

पेटीवाले_आजोबा | २१ नोव्हेंबर २०२३

१९८१ च्या चार्लीचं, लॉनी प्राइसचं ऐका आणि मग बोला. तो खरंच फुटतो.

रताळ्याचा_कीस | २१ नोव्हेंबर २०२३

तो पहिल्याच ओळीला फुटतो, मग पुढची चार मिनिटं काय करायचं?

खमाजी | २१ नोव्हेंबर २०२३

:))

चौथा_अंक | २१ नोव्हेंबर २०२३

कीसला +१. (मी दोन्हीकडून आहे.)

वाळ्याचा_पडदा | २२ नोव्हेंबर २०२३

उशिरा आले. सगळं वाचलं. आजोबा, एक गोष्ट तुमच्याशी बोलायची होती. बर्फीदादांनी तबकडी काढली म्हणून आठवलं. २०१० मध्ये राहुल देशपांडे यांनी 'कट्यार काळजात घुसली' नव्या संचात आणलं, तेव्हा आमच्या घरात हीच भांडणं झाली होती. वडील म्हणायचे, १९६७ ला वसंतरावांचे खाँसाहेब ऐकलेल्या माणसाने दुसरं ऐकूच नये. मी जुना प्रयोग पाहिलेला नव्हता, मला नवा आवडला. बाबा जे ऐकत होते ते मला ऐकू येत नव्हतं, आणि मी जे बघत होते ते त्यांना दिसत नव्हतं.

पण तिथे एक सोय होती. अभिषेकीबुवांची चाल तीच, पण गाणारा दर प्रयोगाला वेगळी वाट घेऊ शकतो. त्यामुळे नव्याला स्वतःची जागा मिळते. सॉन्डहाइमच्या संगीतात सगळं लिहिलेलं आहे, वाट वेगळी घ्यायची मुभाच नाही. मग नवा संच कुठे नवा होणार? फक्त श्वासात, थांबण्यात आणि शब्दावर जोर कुठे देता त्यात. म्हणून असं रेकॉर्डिंग दोनदा ऐकल्याशिवाय मत देऊ नये असं मला वाटतं. पहिल्या वेळी तुम्ही फक्त जुनं शोधत असता.

पेटीवाले_आजोबा | २२ नोव्हेंबर २०२३

वाळ्याचा_पडदा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. दोनदा नाही, पुष्कळदा ऐकलं. एक मात्र कबूल, वाद्यवृंद नव्यातला जास्त आवडला. जोनाथन ट्युनिक दोन्हींचे वाद्यसंयोजक. १९८१ ला ब्रास (पितळी वाद्यं) अंगावर येतं, सर्कस आल्यासारखं. आता त्यांनी वाद्यं कमी केली आहेत आणि आतल्या ओळी ऐकू येतात. दृश्यांमधल्या जोडगाण्यांत, जिथे समूह वर्षं मागे मोजत जातो, तिथे ते विशेष जाणवतं.

हडसन_पलीकडचा | २३ नोव्हेंबर २०२३

अवांतर, पण वन्समोअरवाल्यांना आवडेल. त्या १९६२ च्या पार्टीत फ्रँक-चार्ली 'गुड थिंग गोइंग' गातात, टाळ्या पडतात, यजमानीणबाई पुन्हा गायला लावतात. म्हणजे चक्क वन्समोअर! आणि दुसऱ्यांदा गायला लागल्यावर पाहुणे गप्पा मारायला लागतात, गप्पा वाढत जातात आणि गाणं बुडून जातं. चार्ली आधीच म्हणत असतो, नको, एकदाच पुरे. थिएटरात माझ्या अंगावर काटा आला होता. शेजारच्या बाई तेव्हा चॉकलेटचा कागद उलगडत होत्या, तो भाग वेगळा.

संत्रा_बर्फी | २३ नोव्हेंबर २०२३

पुण्यात हे होणार नाही. पुण्यात वन्समोअर मिळाला तर लोक शांत बसून दुसऱ्या खेपेच्या चुका मोजतात.

झब्बू | २३ नोव्हेंबर २०२३

बर्फीदादा, घर सांभाळा, पुणेकर निघाले.

जिना_चढते | २४ नोव्हेंबर २०२३

मी नाटक पाहिलेलं नाही, इंग्रजी संगीतिका फारशा ऐकत नाही, हा धागा वाचून सुरुवात केली. पहिली काही गाणी डोक्यावरून गेली. पार्टीत सगळे एकदम गातायत, कोण कुणावर का चिडलंय कळत नाही. अॅपची फुकटातली आवृत्ती असल्याने क्रमही आपोआप उलटसुलट होत होता, त्यामुळे १९६४ नंतर १९७६, मग साबणाची जाहिरात, मग १९५७. सोडणार होते. मग खमाजींनी सांगितलेलं लग्नाचं गाणं लागलं आणि मी स्वयंपाक थांबवून उभी राहिले. घटस्फोटाचं मी अजून ऐकलंच नव्हतं. तरीही यात काहीतरी बिघडलेलं आहे एवढं कळलं. ते कसं काय?

खमाजी | २४ नोव्हेंबर २०२३

कारण चाल स्थिर होत नाही. लग्नाचं गाणं असूनही ती घरी येऊन टेकत नाही, सुरावट सारखी पुढे सरकत राहते. आणि मेरीचा आवाज. दोघांचं लग्न आणि गाणारे तीन. तुम्हाला गोष्ट माहीत नसली तरी कान मोजतो.

जिना_चढते | २४ नोव्हेंबर २०२३

आता महिन्याभरासाठी पैसे भरले अॅपचे. याला जबाबदार हा धागा.

तिसरी_घंटा | १७ जून २०२४

धागा वर काढतेय. काल रात्री टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे नाट्यपुरस्कार! चार मिळाले : सर्वोत्तम पुनरुज्जीवित संगीतिका, ग्रॉफ, रॅडक्लिफ, आणि वाद्यसंयोजनासाठी ट्युनिक. सोळा प्रयोगांत बंद पडलेल्या नाटकाला. सॉन्डहाइम नोव्हेंबर २०२१ मध्येच गेले, हडसनचा प्रयोग त्यांना बघायला मिळाला नाही.

पेटीवाले_आजोबा | १७ जून २०२४

ट्युनिकांचं वाचून पेटी उघडून बसलो. संयोजनाचा टोनी १९९७ साली पहिल्यांदा दिला गेला तोही त्यांनाच होता, 'टायटॅनिक'साठी. (सिनेमा नाही, झब्बू. संगीतिका.)

झब्बू | १७ जून २०२४

मी काही बोललोच नव्हतो!

हडसन_पलीकडचा | १७ जून २०२४

७ जुलैला शेवटचा प्रयोग आहे. मी रोज सकाळी तिकिटांच्या लॉटरीत नाव घालतोय. पुढच्या रांगेचं मिळालं तर छत्री नेईन. ग्रॉफ गाताना थुंकी किती उडवतो हे जगजाहीर आहे.

चौथा_अंक | १८ जून २०२४

यावर चित्रपटही येतोय ना? रिचर्ड लिंकलेटर वीस वर्षं शूट करणार आहे म्हणे, नटांचं वय खरंच वाढावं म्हणून. पॉल मेस्कल, बेन प्लॅट, बीनी फेल्डस्टाइन. म्हणजे वर आजोबा आणि कीस यांचं जे भांडण झालं, तरुण आवाज की वयस्क आवाज, ते त्या दिग्दर्शकाने एकदम मिटवलं.

रताळ्याचा_कीस | १८ जून २०२४

मिटवलं नाही, पुढे ढकललं. २०१९ ला सुरू केलंय. तोवर आजोबांशी भांडत राहीन.

पेटीवाले_आजोबा | १८ जून २०२४

तेवढी वर्षं मला देतोयस, आभारी आहे रे बाबा.

वाळ्याचा_पडदा | १८ जून २०२४

तिसरी_घंटा, मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. नाटक न पाहिलेल्याने कुठून सुरुवात करावी? माझं उत्तर : आधी नवं, क्रमाने, संवादासकट, कारण त्याशिवाय गोष्ट लागत नाही. गोष्ट लागली की १९८१ चं काढा आणि फक्त शेवटचं गाणं ऐका. १९८१ चं पहिल्यांदा ऐकू नका, त्यात सुरुवातीची गाणी वेगळी आहेत, काही पुढे बदलली गेली, गोंधळ होतो.

तिसरी_घंटा | १९ जून २०२४

क्रम मान्य. नंबर मान्य नाही, पहिला १९८१ चाच. पण जिना_चढते यांनी सांगावं, त्यांनी तर शफलवर सुरुवात केली होती.

जिना_चढते | १९ जून २०२४

मी मध्यंतरी दोन्ही ऐकली. मला मेरी नव्यातली हवी, चार्ली जुन्यातला आणि फ्रँक कुठलाच नको, तो माणूसच मला पटत नाही. असं मिळून एक रेकॉर्डिंग कुणी काढणार असेल तर कळवा.